चंद्रावरची मोहफुलं

माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही आणि त्यात लोकांची काही चूक नाही. मी आरमोरीकडचा. आमच्या भागात ज्याच्या वाट्याला धानाच्या शेताची एखादी बांधी येत नाही, त्याच्या वाट्याला जीभ येते. अहेरीच्या जंगलात रोजंदारीवर आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी खालच्या गावात सांगून टाकलं, की टेकडीवर एक वाघ रोज संध्याकाळी माझ्याकडे विडी मागायला येतो. दुसऱ्या उन्हाळ्यात वाघाला खोकला झाला, म्हणून त्यानं विडी सोडली. तिसऱ्या उन्हाळ्यात गावातली पोरं मलाच विचारू लागली, "आबाजी, वाघाचा खोकला बरा झाला का?" मी म्हटलं, "झाला, पन आता तंबाखू मागून राह्यला."

काम माझं बसायचं होतं. फाल्गुनापासून मिरगापर्यंत टेकडीवरच्या मचानावर बसायचं आणि जंगलात धूर कुठं निघतो ते पाहायचं. सरकारी कागदात मला फायर वॉचर म्हणत. धूर दिसला की टिनाचा डबा बडवायचा, आणि नाकेदार आला की त्याला बोटानं दाखवायचं, तिकडं. नाकेदार म्हणजे आमच्या बिटाचा वनरक्षक, बिरजू. त्याच्याकडे सायकल होती, खाकी होती आणि केस करायचं पुस्तक होतं.

आता धूर कशाचा, तर बहुतेक वेळा मोहाचा. मोहाची फुलं पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत गळतात, टप्प टप्प. झाडाखाली गुडघाभर वाळला पाला. पिवळट फूल त्यात दिसत नाही. म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. दहातली एखादी आग हात सोडून पळते आणि अर्धी टेकडी खाते. म्हणून पाला जाळायला बंदी, आणि ती राखायला माझं बोट. ज्या बोटानं मी झाडं दाखवायचो, त्या बोटाच्या माणसाशी गावात कोण बोलणार? मी पाणी भरायला खाली उतरलो की बाया हंडे उचलून बाजूला व्हायच्या. भांडण नाही, शिवी नाही. नुसती जागा रिकामी.

मुलगा बल्लारपूरला कामाला गेलेला, बायको त्याच्याही आधी वारलेली. टेकडीवर दिवसचे दिवस आवाज नसायचा. गळा गंजू नये म्हणून मी सकाळी एकदा स्वतःला मोठ्यानं हाक मारायचो, "लहानू!" आणि मीच ओ द्यायचो, "काय गा?" पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे.

छोटा धूर दिसला, आवरता येईल असा, तर मी बिरजूला सांगायचो, "ते धुकं हाय, साहेब."

"चैत्रात धुकं?"

"टेकडीचं हवापानी येगळं असते."

असं मी कितीतरी झाडांवर धुकं पांघरलं. गावाला हे ठाऊक नव्हतं. बिरजूला होतं, पण उन्हात तेवढं चालायचा त्यालाही कंटाळा. फक्त एकदा, मागच्या वर्षी, मी धुकं म्हटलं नाही. दसरूच्या झाडाखालची आग सुटली होती आणि नाल्याच्या दिशेनं निघाली होती. मी डबा बडवला. आग विझली, दसरूवर केस झाली. त्यानंतर दसरूनं पाला जाळला नाही. पाला हातानं सारत, वाकून वाकून तो फुलं शोधू लागला. वाकलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. मोहाची गोडी जशी माणसाला, तशी अस्वलाला. तिसऱ्या दिवशी दसरूला खाटेवर घालून गावात आणलं, आणि चौथ्या दिवशी तो गेला.

त्याची बायको सोनीबाई. मुलगी एकच, बुधरी, आश्रमशाळेत सातवीला.

मोठी माणसं बोलत नसली तरी पोरं यायची. मोहाच्या दिवसांत आश्रमशाळा अर्धी रिकामी होते. पोरं घरी पळून येतात, सकाळभर मायबापासोबत मोह वेचतात, आणि दुपारी कुठंतरी सावलीला पडतात. पाच-सहाजण माझ्या मचानाखाली पडायची. वर वारा असतो आणि खाली मोठी माणसं असतात, म्हणून. त्यांच्या मागून बुधरी यायची. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मला वाटलं, ही दगड मारायला आली. ती बसली. वाघाच्या खोकल्याची गोष्ट तिनं पूर्ण ऐकली आणि म्हणाली, "वाघ विडी पेटवते कसा? त्याले अंगठा कुठी हाय?"

त्या दिवसापासून वाघ माझ्या कामाचा राहिला नाही.

आता चंद्राचं सांगतो. अहेरीच्या आठवडी बाजारात मी सुके झिंगे घेतले. पुडी बांधलेला कागद वाचला तर एका जुन्या मासिकाचं पान, आणि त्यावर चंद्रावर उतरलेली माणसं! परत गेलो. दुकानदाराकडं त्या मासिकाचा उरलेला तुकडा होता. कागद नुसता मागितला तर देईना, म्हणून मी पान पाहून पाहून झिंगेच घेत गेलो. महिनाभर झिंगे खाल्ले, पण नऊ पानं जमली. गोष्टीचा आरंभ नव्हता, शेवट नव्हता. यानाची शिडी उघडते तिथून सुरू, आणि एका माणसाचा दोर सुटतो तिथं संपते. मधल्या नऊ पानांत इतकं कळलं, की चंद्रावर वजन एक षष्ठांश, माणसानं उडी मारली तर शिंदीच्या झाडाएवढा वर जातो, आणि हातातून वस्तू सुटली तर सावकाश, मनात येईल तशी, खाली येते.

मी ती पानं पोरांना वाचून दाखवली. पानांना झिंग्यांचा वास. त्या पोरांच्या डोक्यात चंद्राला अजून तोच वास असेल.

"मंग?" पोरं म्हणाली. "दोर सुटला, मंग?"

मला काय माहीत? पुढचं पान कोणीतरी मिठाच्या पुडीत नेलं होतं. मी म्हटलं, "तुमीच सांगा." आणि तेव्हापासून रोज दुपारी त्या माणसाला सहा प्रकारे वाचवलं जाऊ लागलं. कोलू नावाच्या पोरानं त्याला गोफणीनं ओढून आणलं. कोणी त्याच्या खिशात दगड भरले, वजन वाढावं म्हणून. एकानं त्याला मरू दिलं, तर बाकीचे त्याच्याशी दिवसभर बोलले नाहीत. बुधरी शेवट सांगत नसे. ती विचारायची. चंद्रावर वारा नाही तर पाला गळते कसा? सावली थंड असते का? तिथं ओरडलं तर ऐकू येते का? मी म्हटलं, नाही येत, हवा नाही. ती म्हणाली, "म्हंजे तुमच्या टेकडीसारखंच."

एप्रिल लागला, साल चौऱ्याऐंशी. एका दुपारी छत्री धरून, घामानं थबथबलेले नानाजी गुरुजी टेकडी चढून आले. आश्रमशाळेचे गुरुजी, माझ्याच आरमोरीकडचे. मचानाखाली पोरं पाहून ते उभेच राहिले.

"लहानूभाऊ, माझी शाळा तुमच्याइथी भरून राह्यली."

"मंग हजेरी घ्या."

गुरुजी हसले नाहीत. पाणी प्यायले. बुधरी मोहाच्या खोडामागं सरकली होती. तिकडं न पाहता ते मला म्हणाले, "सोळा तारखेले सातवीची परीक्षा. ते पोरगी नाई आली त नाव कटते. आली, पास झाली, त अहेरीच्या वसतिगृहात आठवीची जागा हाय. मी बोलून ठेवलं. या गावात सातवी पाहिलेली एक बी पोट्टी नाई, भाऊ."

"मले काऊन सांगता? तिच्या मायले सांगा."

"मायच्या घरूनच येऊन राह्यलो. माय म्हन्ते, मी एकटी कसी वेचू? एक वाकते, त दुसऱ्यानं डबा-काठी घेऊन मागं उभं राहा लागते. मोह महिनाअखेरपावतर गळन." गुरुजींनी आवाज खाली आणला. "तिचं खोटं नाई."

खोटं नव्हतंच. मी सकाळी खाली जाऊन काठी धरली असती, पण माझी काठी सोनीबाईनं धरू दिली नसती. माझ्यासारखा माणूस गप्प बसला की गुरुजींसारख्या माणसाला दया येते. त्यांनी विषय बदलला. पोरांना म्हणाले, "काल रेडिओवर ऐकलं का? आपला मानूस आकाशात गेला. यानात बसून पृथ्वीले चकरा मारून राह्यला. तिथी काईच खाली पडत नाई. पानी पडत नाई, पेन्सिल पडत नाई. सारं तरंगते."

खोडामागून आवाज आला. "मंग तिथी मोह कसा पडते?"

गुरुजी दचकले. मला नंतर म्हणाले, दोन वर्षांत या पोरीनं 'हजर' सोडून दुसरा शब्द त्यांच्यासमोर काढला नव्हता. पण त्या घटकेला ते मास्तरच होते. मास्तराला चुकीचं दिसलं की राहवत नाही. म्हणाले, "तिथी मोह नाई राहत, बेटा."

खोडामागं पुन्हा शांत. एखादं दार लावून घ्यावं तसं.

मी मचानावरून खाली उडी मारली. चंद्राच्या मानानं फारच लवकर जमिनीवर आलो. "कोन म्हन्ते नाई? गुरुजी, तुमी यानाचं सांगता. चंद्रावर मोहाचे सात झाडं हाय. नवव्या पानावर लिहून हाय."

"कुठी?" म्हणत गुरुजींनी हात पुढं केला. मी पानं कमरेला खोचली.

"सात झाडं," मी म्हटलं. "फूल सकाळी देठातून सुटते त दुपारी भुईवर येते. मधामधात लटकून राह्यते. लोकं खाली टोपली घेऊन बसून राह्यतेत, वाट पाहतेत."

"बसून काऊन राह्यतेत?" बुधरी आता बाहेर आली होती. "येडे हाय का? इतक्या हळू येते त मधातच झेलाचं."

"उडी मारून," कोलू म्हणाला.

"उडी काऊन? कपडा बांधाचा, आडवा. फूल त्याच्यावर येऊन बसन. भुईवर येतच नाई त पाला साराची गरज नाई. वाकाची गरज नाई." ती थांबली. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती हळू म्हणाली, "पन पयलं फूल ते झेलत नसन. पयलं खाली सोडत असन. भुईचं रायते ते."

इतकी वर्षं खोटं बोलून पोट भरलं, पण असं नेमकं खोटं मला सुचलं नव्हतं. गावातल्या आदिवासींत मोहाचं पंडुम असतं, म्हणजे पहिल्या फुलांची पूजा. ती झाल्याशिवाय कोणी तोंडात फूल घालत नाही. पोरीनं ते पंडुम थेट चंद्रावर नेऊन ठेवलं होतं.

गुरुजी तासभर बसले. उतरताना मला म्हणाले, "शाळेत काऊन नाई बोलत हे?"

"शाळेत तुमी असे सवाल विचारता ज्याचं उत्तर तुमाले माहीत राह्यते," मी म्हटलं. "मले काईच माहीत नसते. त्याच्यानं बोलते बिचारी."

गुरुजी छत्री उघडून उतरले. वाटेत दोनदा थांबलेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी बुधरी एकटीच आली आणि वर न बसता खालूनच म्हणाली, "आबाजी, अर्धा रस्ता त इथी बी हाय न?"

"कसला अर्धा रस्ता?"

"फुलाचा. वरून खाली येते त मधात अर्धा रस्ता येते का नाई? हळू येवो का जोरात येवो, येतेच न?"

मी हो म्हणायच्या आत ती वळून उतरायला लागली.

पुढचं मी मचानावरून पाहिलं आणि थोडं तिनं येऊन सांगितलं. घरात आढ्याला दसरूचं मासे धरायचं जाळं टांगलेलं होतं. तो गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. बुधरीनं ते उतरवलं तेव्हा सोनीबाई काही बोलली नाही, पण दोन दिवस जेवलीही नाही. जाळ्याची भोकं मोठी, म्हणून वरून दोन जुनी लुगडी शिवली. चार बांबू, एक बाजू उंच, एक खाली, म्हणजे फूल घरंगळत एका कोपऱ्यात यावं आणि टोपलीत पडावं. उंची माणसाच्या डोक्यावर, गुराढोरांचं तोंड पोचू नये अशी. मग सोनीबाई बोलली. म्हणाली, "भुईले लागल्याबिगर फूल आपलं होत नाई." पोरीनं चंद्राचं सांगितलं. मायनं विचारलं, "कोन सांगतलं?" पोरीनं माझं नाव घेतलं. त्यावर आणखी एक दिवस गेला.

शेवटी बुधरीनं लुगड्यात खोडापाशी गोल भोक ठेवलं, परातीएवढं. त्यातून पडेल ते भुईचं. माय त्या भोकाकडं पाहत उभी राहिली आणि मग तिनं आपल्या हातानं चौथा बांबू रोवला.

तेरा तारखेला सकाळी जाळी बांधून झाली. टेकडीवरून मला पांढऱ्या लुगड्याचा चौकोन दिसला, झाडाखाली कोणी आभाळाचा तुकडा वाळत घातल्यासारखा. मी ते पाहत होतो आणि त्याच वेळी पायवाटेवर बिरजूची सायकल दिसली.

जंगलात जाळं दिसलं की नाकेदाराला ससा दिसतो, चितळ दिसतं, शिकारीची केस दिसते. त्याचं काम ते. मी डबा बडवला नाही. मचान सोडून उतरलो. ड्युटीवर मचान सोडायचं नसतं, आणि त्या वयात त्या उतारावरून पळायचंही नसतं.

पोचलो तेव्हा बिरजूनं एका कोपऱ्याची गाठ सोडली होती. जाळं लोंबत होतं. सोनीबाई हातात काठी घेऊन उभी, नजर मातीत. बुधरी बांबू धरून.

"जाळं जप्त," बिरजू म्हणाला. "बाईले ऑफिसात न्या लागन. पंचनामा."

"साहेब, ते फुलाचं हाय," मी धापा टाकत म्हटलं. "मोह वरच्या वर झेलाले. शिकारीचं नाई."

"हव न! आन् चैत्रात धुकं पडते." त्यानं दुसऱ्या गाठीला हात घातला. "आन् वाघाले खोकला होते. लहानूभाऊ, पाच वर्षं झाले मी तुमाले वळखतो. तुमी कधी मले एक गोष्ट तरी खरी सांगतली का?"

"सांगतली," मी म्हटलं.

"कोनती?"

"मागच्या सालची. दसरूचा धूर."

बिरजूचा हात गाठीवर राहिला. सोनीबाईनं मान वर केली. वर्षभरात तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, राग नव्हता. काठी तेवढी तिनं जमिनीवर टेकवली.

मग बुधरी म्हणाली, "साहेब, बसा."

"काय?"

"बसा इथी. फूल पडन तवा पाहा." शाळेतली मराठी, घरची मराठी, जे सापडेल ते घेऊन बोलत होती. "सशाचं जाळं भुईले लागून बांधतेत. हे तुमच्या टोपीच्या वर हाय. ससा उडते का?"

बिरजूनं जाळ्याकडं पाहिलं. मग हातानं डोक्यावरची टोपी चाचपली.

"आन् खाली पाहा," ती म्हणाली. "पाला जाळला का आमी?"

त्यानं बुटानं पाला उकरला. वाळलेला, करकरीत, जसाच्या तसा. पाच वर्षांच्या नोकरीत मोहाखाली न जळलेला पाला त्यानं बहुतेक पहिल्यांदाच पाहिला असेल. सोडलेली गाठ बुधरीनं पुन्हा बांधली. बिरजू सायकल टेकवून बसला. मी बसलो. सोनीबाई उभीच.

मोहाचं झाड कोणाच्या घाईनं चालत नाही. वाट पाहणारे चारजण खाली असले म्हटल्यावर तर नाहीच. बिरजूनं विडी पेटवली, ती संपली. माझ्या मनात आलं, आता एखादी गोष्ट सांगावी, वेळ जाईल. पण माझं तोंड त्या पोरीच्या आड येईल म्हणून जीभ दातांत धरून बसलो.

मग फूल पडलं. आम्ही सगळे त्या टप्प आवाजाची वाट पाहत होतो, आणि आवाज झालाच नाही. लुगड्यावर नुसता एक ठिपका उमटला, उन्हात दिसणारी त्याची सावली सरकली, आणि ठिपका घरंगळत खाली आला. दुसरा. तिसरा. वारा आला तसे दहा-वीस. कोपऱ्यात गोळा झाले आणि टोपलीत उतरले, स्वच्छ, माती नाही, काडी नाही. एक भोकातून पाल्यावर पडलं, टप्प.

"ते राहू द्या," बुधरी म्हणाली. "भुईचं हाय."

बिरजूनं टोपलीत हात घातला, एक फूल तोंडात टाकलं, चघळलं. उठला. म्हणाला, "याचा रिपोट कोन्या पुस्तकात लिहाचा, तेच मले समजून नाई राह्यलं." मग सायकलवर बसताना माझ्याकडं वळून, "मी इथी आलोच नाई. धुकं होतं."

पंधरा तारखेला नानाजी गुरुजींसोबत बुधरी गेली. मचानावरून पाहिलं. पायवाटेवर काळी छत्री आणि तिच्या बाजूला पत्र्याची पेटी डोक्यावर घेतलेली पोरगी. तिनं वळून टेकडीकडं पाहिलं का, ते एवढ्या उंचीवरून कळलं नाही. तरी मी डबा एकदा वाजवला. ती नऊ पानं मी आधीच तिच्या पेटीत घातली होती. म्हटलं, पुढचं मिळालं तर कळव.

ती पास झाली, अहेरीला गेली. सोनीबाई ऊन चढल्यावर, अस्वलं निघून गेल्यावर, एकटी झाडाखाली जायची आणि टोपली उचलून आणायची. दुसऱ्या वर्षी साऱ्या अहेरी तालुक्यात जाळ्या लागल्या... बरं, साऱ्या तालुक्यात नाही. गावातल्या सात झाडांखाली लागल्या. चंद्रावर आहेत तितक्याच. त्या सात झाडांखालून धूर निघाला नाही, म्हणून मलाही त्या बाजूला पाहायला काही उरलं नाही. पोरांचं वेचायचं काम लवकर आटपू लागलं, ती शाळेत टिकू लागली. दुपारी मचानाखाली वारा तेवढा यायचा. गुरुजी एकदा चढून आले, हजेरी किती वाढली ते सांगायला. चांगली वाढली होती. मी त्यांना पाणी दिलं.

सकाळी मी हाक मारायचो, "लहानू!" आणि ओ द्यायचा कंटाळा यायचा.

बुधरी पहिल्या सुटीत आली, टेकडीवरही आली. पायात चप्पल होती. दुसऱ्या वर्षी गावात दोनच दिवस राहिली. तिसऱ्या वर्षी मोहाच्या दिवसांत पोस्टकार्ड आलं, बिरजूनं सायकलवरून आणून दिलं. अक्षर ठसठशीत, भाषा अशी की मला दोनदा वाचावी लागली.

सोनीबाईला वाचून दाखवा असं खाली लिहिलं होतं, म्हणून मी ते घेऊन झाडाखाली गेलो. ती टोपलीजवळ बसली होती. मला पाहून उठली नाही. जरा सरकली. जागा झाली तिथं मी बसलो आणि वाचलं.

"आबाजी, त्या गोष्टीची पुढची पानं आमच्या शाळेच्या कपाटात सापडली. दोर सुटलेला माणूस वाचतो, पण कोलूनं वाचवला होता तसा मजेत नाही. या सुटीत मी गावी येत नाही. चंद्रपूरला विज्ञानाचं शिबिर आहे, माझं नाव लागलं आहे. तुम्हांला एक विचारायचं होतं. चंद्रावर मोह वेचणारी माणसं वेचून झाल्यावर आपल्या घरी परत कशी येतात? खाली यायचं तर वजन लागतं, आणि ते तर तिथं फार कमी. मी पुष्कळ विचार केला. तुम्हांला माहीत असेल तर कळवा."

कार्ड संपलं. मी ते उलटं करून पाहिलं, मागं पत्ता तेवढा होता.

सोनीबाईनं टोपलीतली फुलं हातानं सारखी केली. माझ्याशी ती तीन वर्षांत दहा शब्द बोलली असेल. म्हणाली, "येतेत का, भाऊ?"

मी वर पाहिलं. लुगड्यावर फुलांचे ठिपके उमटत होते, आवाज न करता.

"येतेत," मी म्हटलं. "पन तिथी खाली पडाले भल्ला वेळ लागते, बाई."

तिनं मान हलवली. मग आम्ही दोघं त्या परातीएवढ्या भोकाकडं पाहत बसलो. उन्हं चढली होती, झाड जवळजवळ रिकामं झालं होतं. बऱ्याच वेळानं एक फूल सुटलं, भोकातून आलं आणि पाल्यावर पडलं. टप्प.